भिंत कोसळण्याची शक्यता नाकारता येत नाही

तहसील कचेरीत नोकरी केली म्हटलं की लोक सातबाऱ्याच्याच गोष्टी काढतात. कुणाचा फेरफार अडला, कुणाचं नाव गळालं, कुणाच्या बांधावरून डोकी फुटली. त्या गोष्टी माझ्याकडं पोत्यानं आहेत, पण त्या लिहायला बसलो तर अर्ध्या तालुक्याशी भांडण ओढवून घेईन. म्हणून ज्या कामाबद्दल मला आजवर कुणीच काही विचारलं नाही, त्याबद्दल लिहितो. नोकरीची शेवटची नऊ वर्षं मी कारकुनी करता करता एक तुरुंग सांभाळला.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, बाकीच्यांचं काही अडत नाही.

तुरुंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं उंच मनोरे आणि तारांची जाळी येते. आमचं उपकारागृह म्हणजे कचेरीच्या मागच्या अंगाला एक दगडी आवार, आत तीन बराकी, एक लिंबाचं झाड आणि एक हौद. निजामाच्या अमलात तिथं फौजेची हवालात होती, शिस्त मोडणाऱ्या शिपायांना कोंडायची जागा. फौज गेली, अंमल गेला, हवालात तेवढी राहिली. तिचे अधीक्षक कागदोपत्री तहसीलदार, पण तहसीलदारांच्या मागं शंभर कामं, त्यामुळं चाव्यांचा जुडगा एका कारकुनाच्या गळ्यात पडायचा. तो कारकून मी. पहाऱ्याला पोलीस असत. आत असायचे ते सगळे कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला चालू आहे, गुन्हा शाबीत झालेला नाही, पण जामीनही मिळालेला नाही असे. हा फरक बाहेरच्या माणसाला कळत नाही. आत आहे म्हणजे केलंच असणार, असं आपण धरून चालतो. मीसुद्धा पहिलं वर्षभर तसंच धरून चाललो होतो.

माझा तो समज एका दुकानफोड्यानं मोडला. एका सकाळी दोन नंबरच्या बराकीच्या कुलपात चावी मोडली. आत नऊ माणसं, बाहेर मी, हवालदार आणि चहाची किटली. लोहाराला बोलवायला माणूस पाठवला तर लोहार परंड्याला लग्नाला गेलेला. तेव्हा आतून हा गृहस्थ अदबीनं म्हणाला, "भाऊसाहेब, एक तार द्या. जाड नको, सायकलची चालंल." हवालदार माझ्याकडं बघायला लागला, मी हवालदाराकडं. शेवटी दिली तार. त्यानं गजांतून हात बाहेर काढून एवढ्याशा वेळात कुलूप उघडलं, बाहेर आला, मोडलेला तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला, आणि परत आत जाऊन दार ओढून घेतलं. मी विचारलं, "अरे, मग इतके दिवस आत का बसलायस?" तो म्हणाला, "पुढल्या महिन्यात निकाल हाय. सुटणार हाय म्या. पळून कशाला घाण करू?" आणि खरोखर सुटला. त्या दिवसापासून मी कुलपांवर कमी आणि माणसांवर जास्त लक्ष ठेवायला लागलो.

आता माझ्या गुणाबद्दल, म्हणजे ज्या गुणानं पुढं घात केला त्याबद्दल. मसुदा लिहिण्यात माझा हात धरणारा कचेरीत कुणी नव्हता. "वस्तुस्थिती निदर्शनास आणून देण्यात येते की" असं लिहायला लागलो की वरच्या साहेबालासुद्धा घाम फुटावा. सरकारी कामातला एक साधा नियम मी पहिल्या दोन वर्षांत शिकलो होतो. पाहिजे तेवढं मागितलं तर काहीच मिळत नाही. दुप्पट संकट लिहावं, तेव्हा कुठं पाव दुरुस्ती मंजूर होते. यात आम्ही कुणी खोटं बोलतोय असं आम्हाला वाटायचंच नाही. भाजीवाला भाव चढवून सांगतो आणि गिऱ्हाईक पाडून मागतं, तसा तो व्यवहार. दोघांनाही ठाऊक असतो.

आमच्या बराकींचं छत गळायचं. पावसाळ्यात कैदी घोंगड्या गुंडाळून भिंतीला टेकून उभे राहत. संडासाची मोरी तुंबायची. मी पहिल्या वर्षी इमानदारीत लिहिलं की छत गळतं, मोरी तुंबते. उत्तर आलं नाही. दुसऱ्या वर्षी लिहिलं, उत्तर आलं नाही. कैद्याच्या डोक्यावर पाणी पडतं यानं कुणाची झोप मोडत नाही, हे माझ्या ध्यानात आलं. मग मी भिंतीचा विषय काढला. लिहिलं, "सदर आवाराची मागील भिंत अत्यंत जीर्ण झालेली असून ती कोणत्याही क्षणी कोसळण्याची व त्यायोगे बंदी पलायन करण्याची शक्यता नाकारता येत नाही." आठ दिवसांत जिल्ह्याहून फोन आला. पलायन शब्दाला फाईल हलते. त्या वर्षी एका बराकीवर पत्रे मिळाले. मग काय, दर वर्षी मी ती भिंत थोडी थोडी जीर्ण करत गेलो.

खरं सांगायचं तर भिंत अशी होती की तिच्यावरून बैलगाडी गेली असती. जाडी हातभर नव्हे, दोन हातांची. आणि त्या भिंतीला आमच्या गावात एक वेगळंच काम होतं.

भिंतीच्या पलीकडं सोमवारचा बाजार भरतो. सोमवारी पहाऱ्यातले निम्मे पोलीस बाजाराच्या बंदोबस्ताला जात, म्हणून त्या दिवशी कैद्यांच्या भेटी बंद. पण खेड्यातली बाई तालुक्याला येणार ती सोमवारीच. मग भेट व्हायची कशी? तर भिंतीवरून. अलीकडं लिंबाखाली माणूस उभा, पलीकडं त्याची बायको किंवा आई, आणि दोघं एकमेकांना न बघता मोठ्यानं बोलतायत. "म्हस गाभण हाय!" "पाटाचं पाणी आलं का?" "वकिलाला गाठला का न्हाय?" ही रीत माझ्या आधीपासूनची. नियमात बसत नव्हती, पण मोडायला माझा हात उठला नाही. सोमवारी दुपारी मी खिडकी उघडी ठेवून हिशेबाचं काम काढायचो आणि निम्मा तालुका ऐकायचो.

शेवटच्या दीड वर्षात त्या भिंतीवर सगळ्यांत ठणठणीत आवाज होता तो केराबाईचा. सोनारीच्या बाजूच्या एका वाडीची ही बाई लसूण विकायला यायची. आत तिचा धाकटा भाऊ नवनाथ होता. आईबाप लवकर गेले, ह्या बहिणीनं त्याला वाढवला, त्यामुळं तो तिला अक्का म्हणायचा आणि ती त्याला अजून पाच वर्षांचा समजून बोलायची. ढोकीच्या बाजूला ऊसतोडीच्या टोळीत असताना भांडणात त्याचा कोयता दुसऱ्याच्या हाताला लागला. जामीन झाला होता. पण टोळी कर्नाटकात गेली तसा हा बिचारा मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली म्हणून तिच्याबरोबर गेला, कोर्टाच्या दोन तारखा चुकल्या, वॉरंट निघालं, आणि मग जामीन कसला मिळतोय.

केराबाईचा नवरा अंथरुणाला खिळलेला. सोमवारी शेजारीण त्याच्यापाशी बसायची, तेवढाच हिचा मोकळा दिवस. ती लसणाची पाटी भिंतीशी ठेवायची, भिंतीला पाठ लावून बसायची आणि सुरू व्हायची. "नवनाथाऽऽ! जेवलास का? खोटं बोलू नगंस!" आतून तो लाजत ओरडायचा, "जेवलो की अक्का!" बाकीचे कैदी हसायचे. मग शेळीचं, शेताचं, दाजींच्या औषधाचं. दीड वर्षात एक सोमवार तिनं चुकवला नाही. कुणी आलं नाही की कैदी कसा होतो ते मी पाहिलंय. आधी बोलायचा थांबतो, मग जेवायचा. नवनाथ ह्या आवाजावर उभा होता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो.

अशात उपकारागृह बंद करायचं निघालं. कच्चे कैदी जिल्ह्याच्या तुरुंगात न्यायचे, तारखेला त्यांना कोर्टात आणण्याऐवजी व्हिडिओच्या पडद्यावर हजर करायचं. प्रांतसाहेबांनी बैठक लावली. मी टिपण घ्यायला कोपऱ्यात.

पोलीस निरीक्षक आधी बोलले. लोक त्यांना कडक म्हणायचे, पण त्यांचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. "साहेब, पहाऱ्याला माझी चार माणसं. सोमवारी दोन. भिंतीवरून तंबाखूची पुडी येते, उद्या दुसरं काही येईल. एक कैदी पळाला तर तो महिनाभरात सापडेल. पण माझ्या चार पोरांच्या नोकऱ्या जातील त्या सापडायच्या न्हाईत."

वकिलांच्या वतीनं काळे वकील होते, म्हातारे, जाड चष्म्याचे, आवाज मात्र खणखणीत. ते म्हणाले, "ह्यांतल्या एकाला तरी शिक्षा झालीय का? न्हाय. मग त्याला घरापासून दोन बस लांब ठेवायचं कुठल्या गुन्ह्यापायी? आणि पडद्यावर माझा अशील माझ्याशी कानात बोलणार कसा? पडद्याला कान असतो का?"

निरीक्षक म्हणाले, "कायदा तुमचा बरोबर हाय वकीलसाहेब, पर भिंत पडली तर कायदा धरून ठेवणार का तिला?"

तेव्हा प्रांतसाहेबांनी बांधकाम खात्याच्या अभियंत्यांना विचारलं. त्यांनी पिशवीतून फाईल काढली. ती माझी फाईल होती. माझी सगळी पत्रं ओळीनं लावलेली. त्यांनी एकेक वाचायला सुरुवात केली. "अत्यंत जीर्ण." "कोणत्याही क्षणी." पुढल्या वर्षी, "धोकादायक स्थितीत." त्याच्या पुढल्या वर्षी, "जीवितहानी होण्याची शक्यता नाकारता येत नाही." माझी भाषा मला इतकी भारदस्त कधीच वाटली नव्हती. अभियंता भला माणूस. म्हणाला, "साहेब, मला बघून तरी भिंत बरी वाटली. पण एवढी पत्रं असताना मी मजबूत म्हणून सही केली आणि उद्या काही झालं तर?"

प्रांतसाहेब माझ्याकडं वळले. "भाऊसाहेब, हे तुम्हीच लिहिलंय. खरं आहे ना?"

निवृत्तीला अकरा महिने होते. खरं बोलायचं म्हणजे सात वर्षं सरकारला खोटं लिहिलं असं भर बैठकीत कबूल करायचं. केराबाईचा आवाज मला आठवला, आणि आठवूनही मी उभा राहून म्हणालो, "वस्तुस्थितीला धरून आहे, साहेब."

काळे वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. ते बाजारातून येता-जाता ती भिंत रोज बघत होते. मग त्यांनी आपले कागद आवरायला घेतले.

महिन्याभरात आदेश आला. एका गुरुवारी गाडी आली आणि सगळे कैदी गेले. नवनाथ गाडीत चढताना म्हणाला, "भाऊसाहेब, अक्काला सांगा." मी मान हलवली. निरोप पाठवायला चार दिवस होते, माणसंही मिळाली असती. मी पाठवला नाही. काय निरोप पाठवावा हेच सुचेना.

सोमवारी मी खिडकी लावून बसलो होतो. तरी ऐकू आलं. "नवनाथाऽऽ! जेवलास का?" थोडा वेळ गेला. "ए नवनाथा! झोपलास का रं?" मग आवाज बदलला. "आजारी हायस का? बोल की रं! कुणीतरी बोला की!" आत लिंबाच्या झाडाशिवाय कुणी नव्हतं.

मी उठून वळसा घालून बाजारात गेलो. सांगितलं. केराबाई पाटी सोडून उभी राहिली. "जिल्ह्याला? तितं कवा जाऊ म्या? ह्यांना कुणावर टाकून जाऊ?" मग तिनं विचारलं, "कशापायी नेलं पर?"

"भिंत धोक्याची झालीय म्हणून."

तिनं मागं वळून भिंतीवर हात आपटला. "ही? ही पडायलीय? दीड वर्स झालं हिला पाठ लावून बसायलेय म्या. कुणी लिवलं तसं?"

मी म्हणालो, "कचेरीतून लिहिलं गेलं." आयुष्यभर अशीच वाक्यं लिहिली होती, ज्यांत कर्ताच नसतो. त्या दिवशी मला स्वतःची किळस आली.

नवनाथचा खटला काळे वकिलांकडंच होता. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी बसा म्हटलं नाही, तरी बसलो. विचारलं, नवनाथला तारखेला प्रत्यक्ष आणायला लावता येईल का? ते म्हणाले, "कोर्टाला वाटलं तर येईल. पण अर्ज केला की पोलीस म्हणणार, तारखेला आणलेला कैदी नंबर येईपर्यंत ठेवायचा कुठं? पूर्वी तुमच्या बराकीत ठेवायचे. आता ती धोकादायक. तुमच्याच सहीनं."

"मग मी लिहून देतो, धोकादायक नाही म्हणून."

"शपथेवर द्यावं लागंल. चौकशी लागंल मागं. कळतंय का?"

"कळतंय."

"बैठकीत न्हाय कळलं?"

मी खिशातून पेन काढलं. मग त्यांनी बायकोला हाक मारून चहा टाकायला सांगितला, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

ते शपथपत्र मीच लिहिलं. चार वेळा फाडलं, कारण हात आपोआप "अनवधानाने" आणि "समजुतीच्या घोटाळ्याने" लिहीत होता. शेवटी साधं लिहिलं. भिंत मजबूत आहे हे मला माहीत होतं. दुरुस्तीसाठी निधी मिळावा म्हणून मी ती जीर्ण असल्याचं लिहिलं. बैठकीत विचारलं तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. माझ्या सगळ्या नोकरीतला तो सर्वांत लहान मसुदा.

कोर्टात न्यायाधीश बाई तरुण होत्या. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "पत्रातलं खरं काय होतं मग?"

"छत गळत होतं, मॅडम. आणि मोरी तुंबत होती."

"ते कोणत्या पत्रात आहे?"

"पहिल्या दोन. त्यांना उत्तर आलं नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. अभियंत्यांना भिंत पुन्हा तपासायला सांगितली. त्यांनी आनंदानं सही केली. बंद झालेलं उपकारागृह काही उघडलं नाही, तो सरकारचा निर्णय होता आणि तो बदलणं न्यायाधीश बाईंच्या हातात नव्हतं. पण आदेश झाला की नवनाथला दर तारखेला प्रत्यक्ष आणावं, नंबर येईपर्यंत दिवसा एका बराकीत ठेवावं. काळे वकिलांनी हळूच विनंती केली की तारीख सोमवारची द्यावी. बाईंनी कारण विचारलं. वकिलांनी सांगितलं. बाईंनी सोमवार दिला.

मला नोटीस आली. चौकशी निवृत्तीनंतरही चालू आहे. चौकशी अधिकारी माझ्याच हाताखाली शिकलेला, नोटिशीची भाषा उत्तम होती. मी त्याला तसं कळवलंही.

पहिल्या तारखेला मी कोर्टाच्या व्हरांड्यात जाऊन थांबलो. केराबाई आधीच आलेली, लसणाची पाटी बाजारातल्या दुसऱ्या एका बाईकडं देऊन. दोन पोलीस नवनाथला बराकीतून घेऊन आले. निरीक्षकांनी त्यांना सांगून ठेवलं असावं, कारण हवालदारानं बाकावर जागा दाखवली आणि स्वतः खांबाशी जाऊन उभा राहिला. बहीणभाऊ शेजारी शेजारी बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके.

आणि केराबाईनं तोंड उघडलं. "नवनाथाऽऽ! जेवलास का?"

सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. आतून शिरस्तेदार बाहेर आला. तिच्या काही ध्यानात नव्हतं. "दाजींचं औषध बदललंय! शेळीला दोन करडं झाली!" दीड वर्षं भिंतीवरून बोलून तिला हीच सवय लागली होती. नवनाथ खाली मान घालून हसत होता आणि डोळे पुसत होता.

हवालदार जवळ आला. दमात न घेता म्हणाला, "मावशी, हळू बोला की. बाजूलाच तर बसलाय."

ती थांबली. हळू बोलायचं म्हणून तिनं ओठ हलवले, पण काय बोलावं ते तिला सुचेना. मग तिनं त्याचा हात हातात घेतला, उलटा केला, बोटं बघितली, नखं बघितली, मनगट चाचपून बघितलं. नंबर पुकारेपर्यंत ती काही बोलली नाही. तोही बोलला नाही.